परसातला कलमी आंबा: कोय कलम घरी कसं बांधायचं

हापूस खाऊन परसात टाकलेला बाठा पावसाळ्यात तरारून उगवतो. घरातलं कोणीतरी कौतुकानं त्याला काट्याकुट्यांचं कुंपण घालतं, आणि आठ-दहा वर्षं वाट पाहिल्यावर त्याला जे फळ लागतं ते हापूस नसतंच. कधी आंबट, कधी तंतुमय, क्वचित चांगलंही, पण हापूस नाही. याचं कारण बाठ्याच्या आतच आहे. हापूसच्या बाठ्यात एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून तयार झालेला असतो. मोहोरावर बसलेल्या माशीनं कुठल्या झाडाचे पराग आणले, त्यावर त्याचा निम्मा गुण ठरतो. म्हणून हवं तेच फळ हवं असेल तर त्या झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बसवावी लागते. त्यालाच आपण कलम म्हणतो.

कलम बांधणं हे रोपवाटिकेतल्या लोकांचं काम, ते आपल्याला कुठलं जमायला, असं बहुतेकांना वाटतं. पण कोय कलम, म्हणजे बाठ्यातून नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या रोपावर काडी बांधायची पद्धत, घरच्या माणसाला जमेल इतकी साधी आहे. बाठे फुकटात मिळतात, काडी ओळखीच्या झाडावरून मिळते, हत्यार म्हणून एक धारदार चाकू पुरतो. लागते ती वेळ साधण्याची सवय. माझं तर ठाम मत आहे की कलम चाकूनं लागत नाही, काडीनं लागतं. नवखी माणसं काप कसा घ्यायचा याचीच चिंता करत बसतात आणि काडी मात्र आयत्या वेळी दिसेल ती तोडून आणतात. त्यामुळे या लेखात कापापेक्षा काडीबद्दल जास्त लिहिलं आहे.

पूर्वी कोकणात आणि गोव्यात भेट कलम चालायचं. गोव्यात पोर्तुगीज काळात कलमांची विद्या आली आणि मानकुराद, मुसराद, फर्नांदिन अशा जाती तिच्यामुळेच टिकल्या. भेट कलमात रोपाची कुंडी थेट मोठ्या झाडाच्या फांदीपाशी न्यायची, फांदी आणि रोप दोन्ही सोलून एकमेकांना बांधायचं, आणि सांधा जुळेपर्यंत दोन-तीन महिने माचावर चढून त्या कुंड्यांना पाणी घालायचं. फांद्या पोचतील तेवढीच कलमं व्हायची. कोय कलमात काडी झाडावरून कापून रोपाकडे आणतात, म्हणून एका झाडावरून पुष्कळ कलमं होतात. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ही पद्धत कोकणात रुजवली. १९९० पासून रोजगार हमी योजनेतून फळबागा उभ्या राहू लागल्या, तेव्हा एवढी कलमं पुरवणं शक्य झालं ते याच पद्धतीमुळे.

बाठे

खुंटासाठी, म्हणजे खालच्या मुळाच्या भागासाठी, रायवळ, म्हणजे बाठ्यापासून वाढलेल्या गावठी आंब्याचे बाठे घ्या. त्यांची रोपं दणकट वाढतात. हापूसचा बाठा चालतच नाही असं नाही, पण रायवळ मुबलक असताना तो कशाला वापरायचा? पिकलेल्या, निरोगी फळाचा बाठा हवा. मे अखेरीला घरात आमरस, आंबापोळी चाललेली असते तेव्हा बाठे बाजूला काढत चला.

आंब्याचं बी वाळवून ठेवता येत नाही. गहू-ज्वारीसारखं ते झोपून राहत नाही, आतला गर सुकला की मेलं. फळ खाल्ल्यापासून तीन-चार आठवड्यांच्या आत बाठा मातीत गेला पाहिजे, आणि पहिल्याच आठवड्यात गेला तर उत्तम. तोवर धुऊन, वर चिकटलेला फळाचा गर काढून सावलीत ठेवा. उन्हात अजिबात नको.

पेरण्याआधी सगळे बाठे बादलीभर पाण्यात टाका. तरंगतील ते काढून टाका, त्यांच्या आतला गर पोकळ झालेला असतो किंवा भुंग्यानं खाल्लेला असतो. बुडालेले तेवढे घ्या.

घरगुती कामाला मी सरळ पिशवीतच बाठा लावायला सांगेन. रोपवाटिकेत गादीवाफ्यावर दाट बाठे पेरतात, रोपं बाठ्यासकट उपटतात, हातात धरून कलम बांधतात आणि मग पिशवीत लावतात. त्यात हाताला काम सोपं जातं, पण मुळं दुखावतात आणि बाठा रोपापासून तुटला तर ते कलम गेलंच, कारण सुरुवातीचे काही आठवडे ते रोप बाठ्यातल्या शिदोरीवरच जगत असतं. पिशवीतल्या पिशवीत बांधलं की ही भानगड उरत नाही.

साधारण ६ बाय ८ इंचाची काळी पिशवी घ्या, बुडाला आणि बाजूंना भोकं पाडा. दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, माती चिकट असेल तर थोडी वाळू. ताजं शेण घालू नका, त्यानं हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि मुळं करपतात. बाठा कडेवर उभा ठेवायचा, पाठीची फुगीर कड वर आणि पोटाकडची कड खाली. आडवा किंवा उलटा ठेवला तर रोपाचं खोड बाठ्याला वळसा घालून वर येतं आणि तळाशीच वाकडं होतं. तसल्या खोडावर काडी नीट बसत नाही. वर बोटाच्या पेराएवढी माती आणि थोडा भाताचा पेंढा टाका. कोंब दिसले की पेंढा बाजूला करा.

जितकी कलमं हवीत त्याच्या तिप्पट बाठे लावा. सगळे उगवत नाहीत, उगवलेले सगळे एका वेळी तयार होत नाहीत, आणि हात बसेपर्यंत काही रोपं सरावात जाणारच.

काडीची तयारी, झाडावर असतानाच

बाठे पेरल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब माती फोडून वर येतात. हा दिवस लक्षात ठेवा. ज्या दिवशी पहिले कोंब दिसतील त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ज्या झाडाची काडी घ्यायची आहे त्या झाडाकडे जा. रोप बांधायला १० ते १५ दिवसांत तयार होतं आणि काडी तयार व्हायलाही ८ ते १० दिवस लागतात. ही दोन्ही घड्याळं एकदम सुरू केली तरच जुळतात. रोप तयार झाल्यावर काडी शोधायला निघालात तर काडी तयार होईपर्यंत रोप जून होऊन बसतं.

झाडावर काय शोधायचं? तीन-चार महिन्यांची डहाळी. पानं गर्द हिरवी, पूर्ण पिकलेली. तांबडी लुसलुशीत पालवी असलेली डहाळी कोवळी असते, ती सुकते. साल राखाडी आणि खरखरीत झाली असेल तर ती फार जून. डहाळी बाहेरच्या, उन्हाच्या बाजूची हवी, आतल्या सावलीतली किडकिडीत नको. गेल्या हंगामात जिच्या शेंड्याला मोहोर आला होता ती सोडून द्या. आणि जाडी तुमच्या रोपाच्या खोडाएवढी. कोय कलमाची रोपं बारीक असतात, त्यामुळे लोक हमखास फार जाड काडी आणतात. रोपाच्या जाडीची एखादी काटकी खिशात ठेवा आणि तिच्याशी ताडून पाहा.

आता अशा डहाळ्यांची पानं कापायची. देठ ठेवायचे, फक्त पात कापायची, शेंड्याकडची १० ते १५ सेंमी लांबी मोकळी करायची. डहाळी तोडायची नाही, झाडावरच राहू द्यायची. पानं गेल्यामुळे झाड त्या शेंड्यावरच्या डोळ्यांकडे, म्हणजे जिथून नवी पालवी फुटते तिथे, अन्नरस पाठवतं आणि डोळे फुगायला लागतात. आठ-दहा दिवसांनी परत जा आणि त्या देठाला बोटानं नुसतं हलवा. काडी तयार असेल तर देठ टपकन गळून पडतो आणि खाली स्वच्छ, कोरडा वण दिसतो. ओढावा लागला, साल सोलली, तर अजून दोन-तीन दिवस थांबा. शेंड्याचा डोळा टचटचीत फुगलेला पण अजून न उमललेला, हीच तोडायची वेळ. डोळा उमलून पालवीचे टोक बाहेर आलं असेल तर ती काडी सोडा.

गावाला असलेल्या झाडाची काडी मुंबई-पुण्याला आणायची असेल तर पानं कापायचं काम गावी कोणाला तरी आधी फोन करून सांगावं लागतं. काका, काकू, शेजारी, कोणीही करू शकेल असं ते काम आहे. तोडलेल्या काड्या ओल्या, पिळून काढलेल्या फडक्यात गुंडाळा, त्यावर प्लास्टिकची पिशवी. ठिबकणारं फडकं नको, काडी काळी पडते. रात्रीच्या एसटीनं आणलेली काडी दुसऱ्या दिवशी बांधली तर उत्तम लागते. दोन-तीन दिवसही टिकते, पण प्रत्येक दिवसागणिक भरवसा कमी होत जातो. गाडीच्या काचेमागे उन्हात मात्र ठेवू नका.

झाड कोणतं निवडायचं याबद्दल एक मनापासून सांगायचं आहे. ज्याचं फळ तुम्ही स्वतः खाल्लं आहे, ज्याचं दरवर्षीचं वागणं तुम्हाला ठाऊक आहे, त्याच झाडाची काडी घ्या. आणि सगळ्यांनी हापूसच्याच मागे लागावं असं काही नाही. हापूसचं कलम कुठल्याही चांगल्या रोपवाटिकेत मिळतं. दापोलीच्या विद्यापीठानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेला, साका (आतला गर पांढरट, आंबट होऊन बिघडणं) न होणारा रत्नाही विकत मिळतो. पण गावात पाणवठ्यावर, देवळामागे, कोणाच्या तरी बांधावर एखादं नावाजलेलं रायवळ झाड असतं. लोणच्याचा आंबा वेगळा, रसाचा वेगळा, आंबापोळीचा वेगळा. अशी झाडं रस्ता रुंद करताना, घर बांधताना तोडली जातात, आणि त्यांचा बाठा लावून तेच फळ परत मिळत नाही. झाड उभं आहे तोवर त्याच्या चार काड्या बांधून ठेवल्या तर ते फळ वाचतं. घरी कलम शिकण्याचं माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. झाड दुसऱ्याचं असेल तर विचारून काडी घ्या. काडी द्यायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

बांधायचा दिवस

जुलै-ऑगस्ट हा कोकणात कोय कलमाचा काळ. हवा दमट असते म्हणून काडी सुकत नाही. भर पावसात उघड्यावर बांधू नका. पडवीत, गोठ्यात, गॅलरीत बसा. सकाळची वेळ चांगली.

रोप ओळखायची खूण रंगावर आहे. पानं तांबडी-तपकिरी, मऊ, लोंबती. खोडही तांबूस आणि कोवळं. पानं हिरवी होऊन ताठ झाली की कोय कलमाची वेळ गेली. असं रोप फेकू नका, त्याचं पुढे सांगते.

जवळ घ्यायच्या वस्तू: कलमाचा चाकू किंवा दाढीचं कोरं ब्लेड, स्पिरिट, स्वच्छ कोरडं फडकं, प्लास्टिकच्या पट्ट्या, आणि काडीवर घालायला बारीक पारदर्शक नळीसारखी पिशवी. मुलं खातात त्या बर्फाच्या पेप्सीची नळी असते ना, तीच धुऊन वाळवून वापरा, अगदी मापाची असते. पट्ट्या दीड-दोन सेंमी रुंद, ३० ते ४० सेंमी लांब, ताणल्यावर थोड्या ताणल्या जातील अशा पातळ प्लास्टिकच्या हव्यात. सुतळी आणि विजेची काळी टेप नको. सुतळी पाणी धरते, आणि टेपचा डिंक कोवळ्या सालीला चिकटून साल सोलून काढतो.

आधी रोप. बाठ्यापासून ७-८ सेंमी उंचीवर खोड आडवं कापा. उरलेल्या खोडाच्या मधोमध उभी चीर द्या, ४ सेंमी खोल. खोड इतकं कोवळं असतं की चीर आपोआप खाली पळते, म्हणून चीर जिथे थांबवायची तिथे दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं खोड हलकेच चिमटीत धरा. कापल्यावर चीक येतो. तो फडक्यानं टिपून घ्या, चाकूही पुसा, आणि हात डोळ्यांना लावू नका. आंब्याचा चीक अंगावर उठतो.

मग काडी. १० ते १२ सेंमीची. खालच्या टोकाला समोरासमोर दोन तिरके काप घेऊन ४ सेंमीची पाचर करायची. प्रत्येक काप एका ओढीत झाला पाहिजे. करवतीसारखा पुढेमागे चाकू चालवला की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि सांध्यात हवा राहते. आधी त्याच झाडाच्या टाकाऊ फांद्यांवर भरपूर पाचरी कापून हात साफ करा. खरी काडी हातात घेण्यापूर्वी हा सराव हवाच. कापलेल्या भागाला बोट लावू नका, तोंडाची फुंकरही नको.

पाचर चिरेत बसवा. इथे नीट बघायचं ते एवढंच: सालीच्या लगेच आत एक पातळ, ओलसर, हिरवट थर असतो. काडीचा तो थर आणि रोपाचा तो थर एकमेकांना भिडले पाहिजेत, कारण सांधा जुळतो तो त्या थरातून, मधल्या लाकडातून नाही. दोघांची जाडी सारखी असेल तर दोन्हीकडून भिडतो. काडी थोडी बारीक असेल तर ती मधोमध ठेवू नका, एका कडेला सरकवा. एक बाजू पक्की जुळली तरी कलम लागतं. मधोमध ठेवलेली बारीक काडी दोन्हीकडून अधांतरी राहते आणि वाळते.

आता पट्टी. सांध्याच्या खालून सुरुवात करून वर गुंडाळत जा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवत, म्हणजे कौलांवरून ओघळावं तसं पाणी बाहेरून निघून जातं. घट्ट बांधा, पण कोवळं खोड चिरडू नका. रोपाचं कापलेलं टोकही पट्टीखाली झाकलं गेलं पाहिजे. शेवटच्या वेढ्यातून टोक ओवून गाठ. वरून पारदर्शक नळी घाला आणि सांध्याच्या खाली सैलसर बांधा. पिशवीवर जात आणि तारीख लिहा. तीन झाडांच्या काड्या आणल्या असतील तर हे न विसरता करा.

घाटावर, पुणे-नगर-सोलापूरकडे, हवा कोरडी असते. तिथे नळीशिवाय कोय कलम लागणं कठीणच. सावली जास्त द्या आणि आजूबाजूची जमीन ओली ठेवा.

पुढचे दोन महिने

पिशव्या सावलीत ठेवा, ५० टक्के सावलीची हिरवी जाळी असेल तर तिच्याखाली. मोठ्या झाडाखाली ठेवू नका, पानांवरून पडणारे टपोरे थेंब सांधा हलवतात. माती ओलसर हवी, चिखल नको. कोय कलमं मरतात ती बहुतेक बुडाशी कुजून, आणि कुजतात ती साचलेल्या पाण्यानं. बुरशी दिसली तर एक लिटर पाण्यात १ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घालून मातीत ओता. हातमोजे घाला, आणि ते पाणी मुलांच्या व गुरांच्या आवाक्यात ठेवू नका.

दोन-तीन आठवड्यांत डोळा हलतो आणि तांबडी पालवी येते. इथे नवखा माणूस आनंदानं नळी काढतो, पिशवी उन्हात नेतो, आणि आठवड्यात सगळं सुकतं. कारण ही पहिली पालवी काडी स्वतःच्या साठ्यावरही काढू शकते, खाली सांधा जुळलेला नसला तरी. पालवी नळीत मावेनाशी झाली की संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी नळी काढा, पण सावली तशीच ठेवा. पहिली पानं हिरवी आणि ताठ झाली, आणि पुढे दुसरी पालवी आली, की मग कलम लागलं म्हणा. मग हळूहळू उन्हाची सवय लावा.

काडी सांध्यापासून वर काळी पडत गेली तर ते कलम गेलं. नुसती पालवी नाही पण काडी हिरवी आहे, तर धीर धरा.

सांध्याच्या खालून, बाठ्यापाशी फुटलेले कोंब दिसतील तेव्हा नखानं खुडून टाका. ते रायवळाचे असतात आणि राहू दिले तर सगळं अन्न तेच खातात. बऱ्याच घरांसमोर जे ‘बिघडलेलं कलम’ असतं ते असंच झालेलं असतं: काडी कधीच मेली, वाढला तो खुंट.

नव्या पालवीवर एक भुंगा येतो. सकाळी पाहावं तर कोवळी पानं देठापाशी कात्रीनं कापल्यासारखी सरळ कापून खाली पडलेली. लोक मुलांना रागावतात, पण तो पाने कातरणारा भुंगा असतो. मादी पानात अंडी घालून मग पान कापते. म्हणून खाली पडलेले ते तुकडे रोज वेचून जाळा, अळ्या त्यातच वाढत असतात. घरच्या वीस-पंचवीस कलमांना एवढं पुरतं, औषध लागत नाही.

तीनेक महिन्यांनी पट्टी सोडा. राहिली तर खोड फुगताना ती आत रुतते आणि पुढे वाऱ्यात झाड नेमकं तिथेच मोडतं. ब्लेडनं एका बाजूनं उभी चीर देऊन अलगद काढा.

जी रोपं हुकली

पानं हिरवी झाल्यामुळे राहून गेलेली आणि काडी मेलेली रोपं सांभाळून ठेवा. पुढच्या वर्षी त्यांना तांबडी नवी फूट येईल, तेव्हा त्या कोवळ्या फुटीवर अगदी अशीच पाचर बांधायची. याला मृदकाष्ठ कलम म्हणतात. काडीची तयारी तीच, काप तोच. फक्त जागा वरची, आणि खोड जाड असल्यामुळे काडी मिळणंही सोपं. गणपतीला गावी जाणाऱ्यांना हे जास्त सोयीचं पडतं, कारण कोवळी फूट तेव्हाही मिळते. घाटावरच्या लोकांना तर मी कोय कलमाआधी हेच करायला सांगेन.

लागलेली कलमं पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावा. सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. पिशवी कापून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, आणि शेजारी एक काठी रोवून सैल बांधा. एक-दोन वर्षांतच त्या एवढ्याशा झाडाला मोहोर येईल, कारण काडी मोठ्या झाडाची आहे, तिचं वय आधीच झालेलं आहे. पहिली तीन-चार वर्षं तो मोहोर खुडून टाका. जिवावर येतं, पण तोवर झाडाला फांद्या आणि मुळं करू द्यायची असतात.